मारलं म्हणून नव्हे

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला जे सव्वीस जण मारले गेले, त्यांत तिघे डोंबिवलीचे होते. आम्हा चिखलोलीकरांना डोंबिवली परकी नाही. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या या पट्ट्यातली माणसं रोज बदलापूर-कर्जत लोकलला लोंबकळत त्याच स्टेशनावरून कामाला जातात. त्यामुळे ते दुःख आमच्याकडे टीव्हीच्या आधी रेल्वेच्या डब्यातून आलं. 7 मेच्या पहाटे सैन्याने सीमेपलीकडचे दहशतवाद्यांचे अड्डे उडवल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांना बरं वाटलं. मलाही वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत तिरंगा यात्रा निघाल्या, नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागले. जवानांचे फोटो, मागे विमानं, खाली स्थानिक पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांची रांग. भाषणांत मात्र एकच गोष्ट फिरून फिरून येत होती: घुसून मारलं, शंभरावर मारले. त्या जवानांनी काय राखलं, कुणाला वाचवलं, कशाला तोंड दिलं, यात कुणाला रस दिसला नाही. मोजदाद फक्त मेलेल्यांची होती.

मी सैन्याच्या विरोधात नाही, सैन्याविना देश चालेल असं मानणाराही नाही. युद्धात माणसं मारणाऱ्या सैनिकाला वीर म्हणावं का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्याला वीर म्हणावं, मनापासून म्हणावं, पण त्याने मारलं म्हणून म्हणू नये. मारणं हे त्याच्यावर आपण टाकलेलं ओझं आहे. आपण, म्हणजे ज्यांच्या मतांवर सरकार उभं राहतं आणि ज्यांच्या करातून गोळी विकत घेतली जाते ते सगळे. त्या ओझ्यालाच हार घातला की त्यातला आपला वाटा आपण अलगद त्याच्या खांद्यावर ढकलतो आणि टाळ्या वाजवायला मोकळे होतो.

हा भेद निव्वळ शब्दांचा खेळ वाटू शकतो, म्हणून नामदेव जाधवांचं उदाहरण घेतो. संगमनेर तालुक्यातल्या निमजचा हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. 9 एप्रिल 1945 च्या रात्री इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्याच्या कंपनीवर समोरच्या काठावरून मशीनगनचा मारा झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी होऊन पडले. जाधवांनी त्या जवानांपैकी एकाला खांद्यावर घेतलं, खोल पाण्यातून परत आणलं, चढ्या काठावरून वर नेलं, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पार केलं आणि सुरक्षित जागी ठेवलं. मग पुन्हा तोच रस्ता, दुसऱ्यासाठी. हे सगळं गोळ्यांच्या वर्षावात. त्यानंतर ते तिसऱ्यांदा पुढे गेले, या वेळी एकटे, पडलेल्या साथीदारांचा सूड घ्यायला. मशीनगनच्या मोर्च्यांवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब फेकले. मोर्चे संपले. मग काठावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एकाच माणसाच्या एकाच रात्रीत दोन गोष्टी आहेत, दोघांना वाचवणं आणि अनेकांना मारणं. दुसरी केली नसती तर कंपनी नदीपार गेली नसती, कदाचित सगळी तिथेच संपली असती. म्हणून त्या दोन गोष्टी सुरीने कापून वेगळ्या करता येत नाहीत, हे मला मान्य आहे. तरी आपल्याला अभिमान कशाचा वाटतो, हे आपल्या मनात तपासता येतं. समजा, जाधवांनी त्या रात्री फक्त दोघांना पाठीवर आणलं असतं आणि एकही गोळी झाडली नसती, तर ते आपल्याला कमी शूर वाटले असते का? नसते वाटले. आता उलट बाजूने पाहा. कुणी हजारो किलोमीटर दूर खुर्चीत बसून कळ दाबली आणि तेवढीच माणसं मारली, स्वतःला काडीचा धोका न पत्करता. कदाचित ते कामही गरजेचं असेल. पण त्याचा पुतळा चौकात उभारावासा वाटेल का? मारणं वजा केलं तरी शौर्य शिल्लक राहतं. धोका, त्याग आणि राखण वजा केली तर नुसतं मारणं उरतं, आणि त्याला कुणी शौर्य म्हणत नाही. ही कसोटी मला फार उपयोगी वाटते.

रामा राघोबा राणे यांच्याबाबत तर ही कसोटी लावायचीही गरज नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल 1948 मध्ये आपली फौज नौशेराहून राजौरीकडे निघाली होती. राजौरीत हल्लेखोरांनी कत्तल मांडली होती, वेळ थोडा होता, आणि रणगाड्यांच्या वाटेवर जागोजाग सुरुंग आणि आडवे पाडलेले वृक्ष होते. सुरुंग काढायचं काम चालू असतानाच उखळी तोफांचा मारा झाला. राण्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत ते स्वतः. तरी ते थांबले नाहीत. पुढच्या एका टप्प्यावर ते चक्क रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि दोन दोर चालकाच्या हाती दिले. रणगाडा इंचाइंचाने पुढे सरकतोय, खाली राणे सरपटत सुरुंग शोधतायत, आणि थांब किंवा चल हे दोर ओढून सांगतायत. 8 ते 11 एप्रिल असे चार दिवस हे चाललं. रस्ता मोकळा झाला, फौज राजौरीला पोचली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं.

देशातलं शौर्याचं सर्वोच्च पदक, आणि ते मिळालं सुरुंग काढल्याबद्दल. हे किती मुलांना ठाऊक आहे? शाळेत परमवीरांची नावं पाठ करून घेतात, पण त्यांनी नेमकं काय केलं हे क्वचितच सांगितलं जातं. सांगितलं तर मुलांच्या डोळ्यांसमोर शौर्याचं वेगळं चित्र उभं राहील.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं, असं मला बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ पाहताना वाटतं. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातले हे दगड. याच शिलाहारांनी 1060 मध्ये अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं, म्हणजे हा इतिहास आमच्या अंगणातलाच. एकसरच्या काही दगडांवर आरमारी लढाई कोरली आहे. तळाच्या पट्टीत जहाजं एकापाठोपाठ लागलेली, प्रत्येकाला वल्ह्यांची रांग. त्याच्या वरच्या पट्ट्यांत तुंबळ लढाई, पडलेली माणसं, मग पडलेल्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि अगदी वर शिवाची पूजा. लढाई लपवलेली नाही. वीर तिथे मारतोही. पण दगड उभा राहिला तो त्याने मारलं म्हणून नव्हे, तो पडला म्हणून. महाराष्ट्रभर गावोगावच्या वेशीवर जे वीरगळ शेंदूर फासून उभे आहेत, त्यांतले कितीतरी गाई सोडवताना किंवा गाव राखताना पडलेल्यांचे आहेत. जिंकून परत आलेल्याला इनाम मिळालं, वतन मिळालं. वीरगळ सहसा मिळाला नाही. 1660 च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूचे किती पाडले, हा आकडा कुणी जपून ठेवला नाही. त्यांनी खिंड धरली, एवढंच साडेतीनशे वर्षं सांगितलं जातंय.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो: असं बोललात तर जवानांचं मनोधैर्य खचेल. हा आक्षेप घेणारे बहुतेक वेळा फौजेत गेलेले नसतात. चिखलोली-मोरिवली एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटवर कितीतरी निवृत्त फौजी सुरक्षा रक्षक आहेत. त्यांतले एक माझ्या चांगल्या ओळखीचे. कारगिलच्या वेळी ते द्रासच्या बाजूला होते. एका 26 जुलैला शाळेत त्यांचा सत्कार होता, मीही गेलो होतो. पाचवी-सहावीतल्या एका मुलाने उभं राहून विचारलं, ‘‘काका, तुम्ही किती जणांना मारलं?’’ बाई हसल्या, मुलंही हसली. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘बाळा, मी पाणी वर नेत होतो.’’ आणि मग त्यांनी मुलांना सांगितलं की रात्री चढायचं, कारण दिवसा वरून दिसतं. पाठीवर पाण्याचे कॅन आणि दारूगोळा. श्वास पुरत नाही. आणि परतीच्या वाटेवर खांद्यावर साथीदार. मारण्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी मारलंच नसेल, असं मी म्हणत नाही. पण त्यांना ज्याचा अभिमान आहे ते पाणी आहे, चढण आहे, आणि खाली आणलेला साथीदार आहे. त्यांच्या तोंडी मारल्याचा अभिमान आपण कोंबतो.

असं कोंबण्याचे परिणाम असतात. ज्या माणसाला मारावं लागलं, त्याच्या मनात काही उरतं. त्याला ते बोलायचं असेल, तर सगळं गाव त्याला त्याच गोष्टीसाठी हार घालत असताना तो बोलणार कुणाशी? सैन्यदलांतल्या आत्महत्यांचे आकडे संसदेत वरचेवर मांडले जातात, सैन्याने समुपदेशकही नेमले आहेत. त्या आत्महत्यांची कारणं पुष्कळ असतात, रजा, घरचे प्रश्न, वरिष्ठांची वागणूक. सगळं एका गोष्टीवर ढकलणं चुकीचं ठरेल. तरीही परत आलेल्या माणसाला आपलं मन मोकळं करायला जागा मिळावी, एवढं समाजाच्या हातात आहे. जल्लोषात ती जागा मिळत नाही.

दुसरा परिणाम जास्त भयंकर आहे. जुलै 2020 मध्ये काश्मीरच्या शोपियान जिल्ह्यात अमशीपोऱ्याला तीन दहशतवादी चकमकीत मारल्याचं जाहीर झालं. ते तिघे दहशतवादी नव्हते. मजुरीसाठी आलेले तरुण होते, आणि ते राजौरी जिल्ह्यातले होते, ज्या राजौरीपर्यंतचा रस्ता 1948 मध्ये राण्यांनी जखमी अंगाने मोकळा केला, त्याच राजौरीतले. चौकशी लष्करानेही केली. लष्करी न्यायालयाने 2023 मध्ये एका कॅप्टनला जन्मठेप सुनावली, आणि त्याच वर्षी लष्करी न्यायाधिकरणाने त्या शिक्षेला स्थगिती दिली. प्रकरणाचा शेवट कायद्याने काय व्हायचा तो होवो. मला इथे एवढंच म्हणायचं आहे की मारलेल्यांची संख्या हेच जिथे पराक्रमाचं माप होतं, तिथे हे घडण्याची वाट तयार होते. आणि लष्कराने स्वतःच्या अधिकाऱ्याला न्यायालयासमोर उभं केलं, यात मला सैन्याची बेइज्जती दिसत नाही. ज्या सैन्याला मारण्याच्या मर्यादा ठाऊक आहेत, त्याचंच ते काम आहे. माझ्या दृष्टीने ते सैन्याच्या अभिमानाचं कारण असायला हवं, पण ते एकाही फ्लेक्सवर येत नाही.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरकरांना मारण्याची ही मर्यादा समजावून सांगावी लागू नये. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी सैनिकांसाठी तिथे बरॅकी उभारल्या. लढाई संपली, फाळणी झाली, आणि त्याच बरॅकींत सिंधमधून उखडलेली कुटुंबं येऊन राहिली. ऑगस्ट 1949 मध्ये राजगोपालाचारींनी नव्या नगराची कोनशिला बसवली, तरी आजही लोक रिक्षावाल्याला कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असंच सांगतात. फाळणीत सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्यांनी शेजाऱ्यांची घरं लुटली, माणसं मारली, त्यांनाही आपापल्या गल्लीत कुणीतरी शूर म्हटलंच असणार, कुणीतरी खांद्यावर उचललंच असणार. मारणं हाच जर गौरवाचा विषय असेल, तर दंगलखोर आणि सैनिक यांच्यात फरक काय उरला? फरक आहे, आणि तो जमीन-अस्मानाचा आहे: सैनिक हुकमाने लढतो, कायद्याने बांधलेला असतो, शरण आलेल्यावर हात उचलत नाही, आणि ज्यांना तो ओळखतही नाही अशांसाठी स्वतः मरायला उभा राहतो. या सगळ्या गोष्टी गौरवातून वगळायच्या आणि मारणं तेवढं ठेवायचं, तर आपण सैनिकाला दंगलखोराच्या रांगेत नेऊन बसवतो. सैनिकाचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ते म्हणतात, जीव घेणारा तो जीव घेणारा, त्याचा गौरव कसला? या भूमिकेबद्दल मला आदर आहे, पण ती मला स्वीकारता येत नाही. पहलगामच्या कुरणात त्या दिवशी वेळेवर चार जवान पोचले असते आणि त्यांनी गोळी चालवली असती, तर डोंबिवलीतली तीन घरं आज वेगळी असती. त्या जवानांना मी हात जोडले असते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. ज्यांचे वडील फौजेतले सुभेदार होते आणि ज्यांच्या प्रयत्नांतून 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्या माणसाने हे लिहावं याला वजन आहे. त्यांना बंदूकही ठाऊक होती आणि बुद्धही. फौजेची भरती त्यांनी आपल्या माणसांसाठी हक्क म्हणून मागितली, आणि आयुष्याच्या अखेरीस धम्म स्वीकारला. या दोन्हींत त्यांना विसंगती वाटली नाही. गरज पडली तर मारावं लागेल. मारण्याची इच्छा मात्र जागवू नये, मुलांत तर मुळीच नाही. जल्लोष नेमकी तीच जागवतो.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले. त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे गारद झाल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वाचतानाही अंगावर काटा येतो. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांचं स्मारक केलं. काय केलं असेल? बंदूक नाही, संगीन नाही, आरोळी ठोकणारा पुतळाही नाही. त्यांनी सूर्यघड्याळ उभं केलं, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या मातीत ते रक्त सांडलं, तिथल्या लोकांनी हे केलं. घाडग्यांनी ज्यांना मारलं ते जर्मनही त्याच सूर्याखालचे, हे म्हणताना त्यांना घाडग्यांचं शौर्य कुठे उणं वाटलं नाही. आमच्याकडे असं स्मारक करायचं ठरवलं, तर मोर्चा येईल. का यावा?

शेवटी फॅक्टरीबद्दल बोलायला हवं, कारण त्याविना आमच्या भागात हा विषय पुरा होत नाही. अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामाला जात आली आहेत. सकाळचा भोंगा, डबा, ओव्हरटाइम, दसऱ्याला यंत्रपूजा. तिथे दारूगोळ्यासाठी लागणारे धातूचे भाग घडतात. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातले 41 आयुधनिर्माणी कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा या घरांतून नोकरीची काळजी होती, मोर्चे होते. त्या काळजीचे फ्लेक्स लागले नाहीत. सीमेवर सुटलेल्या गोळीमागे असे असंख्य हात असतात. चाप ओढणाऱ्या एकट्या पोराला मारण्याचा मान द्यायचा असेल, तर या हातांनाही वाटा द्यावा लागेल, करदात्याला द्यावा लागेल, मतदाराला द्यावा लागेल, आणि त्याबरोबर जबाबदारीतला वाटाही. तो घ्यायला कोण तयार आहे? हे युद्ध टळलं असतं का, हल्ल्याआधी बंदोबस्त का नव्हता, हे विचारणं हा त्या जबाबदारीचाच भाग आहे. असं विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवणं हा त्यातून पळ काढण्याचा सोपा मार्ग आहे.

आणि धोका पत्करून देशाचं काम करणं हे शौर्याचं माप मानलं, तर आणखी एक यादी आपल्यासमोर येते. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुधनिर्माणीत स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. 2016 च्या मेअखेर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा ती विझवायला गेलेले अग्निशमन जवान आणि दोन अधिकारी परत आले नाहीत. यांपैकी कुणी शत्रूवर गोळी झाडली नव्हती. भंडाऱ्याची घटना तर प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधीची. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या शाळांनी आणि मंडळांनी 26 जानेवारीला सैनिकांचे सत्कार जरूर करावेत. त्याच मंचावर भंडाऱ्याच्या त्या कामगारांची नावं वाचावीत, आयुधनिर्माणीतल्या एखाद्या निवृत्त कामगाराला बोलवावं, राण्यांचे ते चार दिवस मुलांना नीट सांगावेत, आणि पाहुण्या फौजीला किती मारले हे विचारू नका, असं आधीच बजावून ठेवावं. विचारायचंच असेल तर त्यांनी कुणाला वर नेलं, कुणाला खाली आणलं, हे विचारा.